वस्तुनिष्ठ संरचित चिकित्सा परीक्षा

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने रुग्णाकडून आजाराची हकिकत घेणे, त्याची शारीरिक तपासणी करणे, निदानाची दिशा ठरविणे, लहानसहान उपचारक्रिया करणे व रुग्णाला त्याच्या आजाराविषयी समजावून सांगणे ही कौशल्ये कितपत आत्मसात केली आहेत, हे सर्व विद्यार्थ्यांना सारख्याच कसोट्या व सारखीच गुणपत्रिका लावून ठरविण्याची पद्धत. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘ऑस्की’ या नावाने ओळखली जाते. स्कॉटलंडमधील डंडी येथे रॉनल्ड हार्डेन व त्यांचे सहकारी यांनी ती विकसित केली आणि १९७५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकातून वैद्यकीय जगापुढे मांडली.

या पद्धतीची गरज का भासली, हे जुन्या परीक्षेचे स्वरूप पाहिल्यावर कळते. तीत विद्यार्थ्याला एक ‘दीर्घ रुग्ण’ व दोन-तीन ‘लघु रुग्ण’ देण्यात येतात. दीर्घ रुग्णाची तपासणी तो पाऊण ते एक तास एकट्याने करतो; नंतर परीक्षक येऊन निष्कर्ष विचारतात. म्हणजे तपासणी करताना त्याला बहुधा कोणी पाहिलेलेच नसते. गुण मिळतात ते तपासणीच्या वर्णनाला. एकाच्या वाट्याला वाढलेल्या प्लीहेचा सरळ रुग्ण येतो, तर दुसऱ्याच्या वाट्याला गुंतागुंतीचा मज्जासंस्थेचा विकार. परीक्षेसाठी वर्षानुवर्षे येणारे काही जुने रुग्ण तर स्वतःचे निदान विद्यार्थ्याच्या कानात सांगून मोकळे होतात. शिवाय परीक्षक कडक की मवाळ, यावरही निकाल हेलकावतो. दोन परीक्षकांच्या गुणांत मेळ फारच थोडा आढळतो, असे दिसून आल्यावर अमेरिकेतील राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षक मंडळाने रुग्णशय्येजवळची तोंडी परीक्षा १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीच सोडून दिली होती. मात्र तिच्या जागी आलेल्या लेखी कसोट्यांनी हातांचे व बोलण्याचे कौशल्य मापता येत नव्हते.

हार्डेन यांनी विद्यार्थी, रुग्ण व परीक्षक हे तीन घटक एकमेकांपासून सुटे केले. रुग्ण व परीक्षक सर्वांना समान ठेवले, म्हणजे गुणांतील फरक मुख्यतः विद्यार्थ्याचाच राहतो, हा त्यामागील विचार. १९७५ च्या लेखातील परीक्षा १०० मिनिटांची होती. विद्यार्थी एकामागून एक अशा स्थानकांवरून (स्टेशनांवरून) फिरत. प्रत्येक स्थानकावर साडेचार मिनिटे मिळत व पुढे सरकण्यास अर्धा मिनिट असे. घंटा वाजली की सर्वांनी एकाच वेळी जागा बदलायची. काही स्थानकांवर परीक्षकासमोर कृती करायची, तर काहींवर आधीच्या स्थानकावर जे आढळले त्याविषयीच्या प्रश्नांची लेखी उत्तरे द्यायची. मागे जाऊन उत्तर सुधारण्यास वाव नसल्यामुळे, प्रश्न वाचल्यावर सुचलेली तपासणी केल्याचे भासविता येत नाही.

उदाहरणादाखल रक्तदाब मोजण्याचे स्थानक घेता येईल. विद्यार्थ्याने स्वतःची ओळख करून देऊन संमती घेतली काय, रुग्णाचा दंड हृदयाच्या पातळीवर आधार देऊन ठेवला काय, दंडाच्या जाडीला योग्य असा पट्टा निवडला काय, प्रथम नाडीवर बोट ठेवून प्रकुंचनी दाबाचा अंदाज घेतला काय, दाब सावकाश उतरविला काय आणि आलेला आकडा रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगितला काय, अशा पायऱ्यांची यादी परीक्षकाच्या हाती असते. तो मध्ये प्रश्न विचारीत नाही. फक्त पाहतो व खुणा करतो. परीक्षकीची हौस असलेल्या अनेक अध्यापकांना हे मौनच सर्वांत जड जाते.

स्थानकावरचा रुग्ण प्रत्येक विद्यार्थ्याला सारखा भेटावा म्हणून प्रशिक्षित ‘प्रमाणित रुग्ण’ वापरतात. ही कल्पना ऑस्कीपेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील मज्जातंतुविकारतज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी लॉस अँजेल्स येथे १९६३ च्या सुमारास एका निरोगी स्त्रीला पायांच्या पक्षाघाताची लक्षणे हुबेहूब वठविण्यास शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. समव्यवसायींनी तेव्हा तिची थट्टा केली. पुढे हीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. अर्थात हृदयातील मर्मर किंवा यकृताची वाढ अभिनयाने दाखविता येत नाही. तेथे खरे रुग्ण अथवा प्रतिकृतीच लागतात.

या परीक्षेची विश्वसनीयता वाढते ती गुणपत्रिकेच्या काटेकोरपणामुळे, असा समज आरंभी होता. पुढील संशोधनात निराळेच आढळले. एका आजारात चमकणारा विद्यार्थी दुसऱ्या आजारात अडखळतो. त्यामुळे खरा आधार आहे तो नमुन्यांच्या संख्येचा. मोजकी सहा-सात स्थानके मांडून घेतलेली परीक्षा नावाने ऑस्की असली, तरी तिच्या निकालावर कोणाला नापास करणे धाडसाचे होय. तसेच, अनुभवी वैद्य थोडक्या प्रश्नांत निदानापर्यंत पोहोचतो व यादीतील खुणा गमावतो, तर पाठांतर केलेला नवशिका त्या मिळवितो. म्हणून यादीच्या जोडीला परीक्षकाचे एकूण मत नोंदविण्याची रीत पडली. ज्या विद्यार्थ्यांविषयी ते मत ‘सीमेवरील’ असे असते, त्यांच्या गुणांवरून त्या स्थानकाची उत्तीर्णतेची रेषा ठरविता येते. सरसकट ५० टक्क्यांचा नियम लावावा लागत नाही.

अधिक गंभीर आक्षेप असा, की ही परीक्षा माणसाचे तुकडे पाडते : एका स्थानकावर गुडघा, दुसऱ्यावर छाती, तिसऱ्यावर दुःखद वार्ता. सबंध रुग्ण हाती घेऊन त्याच्या तक्रारींचा मेळ घालणे, ही दीर्घ रुग्णाच्या परीक्षेची जमेची बाजू येथे हरवते. अमेरिकन शिक्षणतज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या मनोऱ्यात माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे व प्रत्यक्ष करणे अशा चार पायऱ्या आहेत. ऑस्की तिसरीपर्यंतच पोहोचते. परीक्षेत हात धुणारा डॉक्टर रात्रपाळीत ते धुतो की नाही, हे कक्षात जाऊनच पाहावे लागते.

भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाविज्ञान विभागाने प्रयोगशालेय कामासाठी या पद्धतीचे रूपांतर केले व १९८६ मध्ये ते प्रसिद्ध केले. २०१९ पासून पदवी अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाल्यावर तिला महत्त्व आले असले, तरी विद्यापीठीय परीक्षेत दीर्घ रुग्ण व तोंडी परीक्षा टिकून आहेत. त्याचे एक कारण साध्या हिशेबात आहे. प्रत्येकी पाच मिनिटांची २० स्थानके १०० मिनिटांत २० विद्यार्थी तपासतात. २०० विद्यार्थ्यांसाठी अशा दहा फेऱ्या, म्हणजे विश्रांती न धरता सुमारे १७ तास लागतात, आणि तेवढा वेळ परीक्षक व रुग्ण दोघांनाही ताजेतवाने ठेवावे लागते. फेऱ्या दिवसांवर विभागल्या, तर प्रश्न बाहेर फुटतात.

खर्चाचा प्रश्न श्रीमंत देशांनाही सुटला नाही. अमेरिकेत परवान्यासाठी २००४ मध्ये सुरू झालेली प्रमाणित रुग्णांवरील परीक्षा करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये स्थगित झाली व जानेवारी २०२१ मध्ये कायमची बंद करण्यात आली. कॅनडाने १९९२ पासून घेतलेली तशीच परीक्षा त्याच वर्षी थांबविली. या देशांत कौशल्ये तपासण्याची जबाबदारी आता मुख्यतः महाविद्यालये व प्रशिक्षण रुग्णालये यांवर आली आहे. ब्रिटनमध्ये मात्र परदेशी पदवीधरांसाठी, ज्यांत भारतीय डॉक्टरांचा भरणा मोठा असतो, अशा परीक्षेचा दुसरा भाग मँचेस्टर येथे ऑस्कीच्याच स्वरूपात घेतला जातो.