फुप्फुसातलं रक्ताचं जाळं

आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. आपण नुसत्या बसून असलो तरी मिनिटाभरात जवळजवळ तेवढं रक्त फुप्फुसांतून जातं. ते कसं, आणि बाळंतिणीच्या घरात हे का माहीत असावं, ते आज पाहू.

सगळ्या अंगातलं वापरलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला जमतं. तिथून फुप्फुस-धमनी निघते. तिच्या दोन फांद्या दोन फुप्फुसांत शिरतात. पुढे फांद्यांना फांद्या फुटत शेवटी केसाहूनही बारीक नळ्यांचं जाळं होतं. त्या केशवाहिन्या. फुप्फुसात हवेचे कोट्यवधी इवले फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. प्रत्येकाभोवती हे जाळं लपेटलेलं असतं. मधला पडदा इतका पातळ, की सेकंदभराच्या आत प्राणवायू रक्तात येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लालभडक झालेलं रक्त मग चार शिरांतून हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून अंगभर जातं.

धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध, असं आपण शाळेत शिकलो. फुप्फुसात ते उलट असतं. हृदयाकडून नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, एवढं लक्षात ठेवा.

आता पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली आणि सुटली, तर काय होईल? हृदयापर्यंतची वाट रुंद होत जाते, म्हणून ती अडकत नाही. फुप्फुसात मात्र नळ्या अरुंद होत जातात आणि गुठळी तिथे अडकते. मग हवा आत येते, पण तिच्यातला प्राणवायू घ्यायला त्या भागात रक्तच पोहोचत नाही. मोठी गुठळी जीवही घेऊ शकते.

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे रक्त लवकर गोठतं. सिझेरियन झालं असेल किंवा बाई पडूनच राहिली, तर धोका आणखी वाढतो. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळंतिणीला उठू द्या, चालू द्या, पाणी भरपूर द्या.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर त्या पायाला मालिश करू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. एकाएकी धाप लागली, श्वास घेताना छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं किंवा घेरी आली, तर बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून थांबू नका. लगेच 108 ला फोन करा.