पहिली ट्रायथलॉन : आधी हेल्मेट, मग सायकल
नवख्यांनी स्प्रिंट अंतरापासून सुरुवात करावी : ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणे. गोव्यात मिरामारला २०१९मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ फार पुढची. तिथे नुसती सायकलच ९० किलोमीटर.

खरी धास्ती पाण्याची. समुद्रात टेकायला भिंत नसते, तळाची रेघही दिसत नाही. दर सहा-आठ हातांनी मान उचलून बोया शोधावा लागतो. हा सराव उघड्या पाण्यात, पण सोबत असेल तरच करा.

स्टँडवरून सायकल काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा बांधलेला हवा, नाहीतर दंड. कपडे-बूट बदलण्याचा वेळही एकूण वेळेत धरतात. सायकलवरून उतरल्यावर पाय जड होतात, म्हणून आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दहा मिनिटे धावाच.