कात्री लावण्याआधी घर बेता

कापडाच्या धंद्यात पहिल्याच दिवशी एक धडा मिळतो. कापड दोनदा मोजा, खडूने आखा, नीट बेता आणि मगच कात्री लावा. एकदा कापलेला तुकडा पुन्हा ताग्याला जोडता येत नाही. एका शर्टाच्या कापडासाठी इतकी खबरदारी घेणारे आपण व्यापारी आणि कारागीर, आयुष्याची कमाई ज्यात घालतो ते घर मात्र मिस्त्रीने वहीच्या पानावर ओढलेल्या चार रेघांवर बांधून मोकळे होतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. १९९८ साली सावलीत मी घर बांधले, तेव्हा दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती होत्या. समोर बैठक, मध्ये खोली, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला ना खिडकी, ना झरोका. त्याच खोलीत माझ्या अम्मीची शेवटची सहा वर्षे गेली. भर दुपारी बल्ब लावल्याशिवाय त्यांना तसबीह सापडत नसे. वीज गेली की त्या बाहेर ओट्यावर येऊन बसत. भिंत फोडावी तर पलीकडे शेजाऱ्याची बैठक. घर पक्के होते, पण चूकही तितकीच पक्की झाली होती.

मिस्त्रीचा नकाशा

आता धाकट्या मुलासाठी घर बांधायचे आहे. प्लॉट १८ फूट रुंद, ४५ फूट खोल. रस्ता पूर्वेला, उत्तरेला आणि दक्षिणेला ओळीतली घरे. समोर ५ फूट आणि मागे ४ फूट सोडले की बांधकामाला ३६ फूट राहतात. (आपल्या प्लॉटला समोर-मागे किती जागा सोडावी लागेल, ते नगरपंचायतीत आधी विचारून घ्यावे.) नऊ इंची भिंती वजा केल्या की आतली रुंदी साडेसोळा फूट.

मिस्त्रीने पाच मिनिटांत नकाशा काढून दिला. ११ फुटांची बैठक, १० फुटांची मधली खोली, ७ फुटांचे स्वयंपाकघर, शेवटी ५ फुटांत न्हाणी आणि संडास. जिना मधल्या खोलीतून. दारे एका रेषेत, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला थेट चूल दिसावी. मी कागद घरी आणला. बेगमने तो पाहिला आणि एवढेच म्हणाल्या, "अहो, अम्मींचीच खोली पुन्हा बांधताय का?"

त्या रात्री कागद, पेन्सिल आणि दुकानातली टेप घेऊन आम्ही दोघे बसलो.

उजेड कुठून येणार?

ओळीतल्या घराला उजेड आणि हवा येण्याचे तीनच रस्ते असतात : समोरून, मागून आणि वरून. बाजूच्या भिंती आपल्या कामाच्या नाहीत. आज शेजारचा प्लॉट रिकामा असला म्हणून तिकडे खिडकी ठेवू नये; उद्या तो बांधेल आणि आपली खिडकी आळ्यासारखी उरेल. घर ३६ फूट खोल असेल, तर समोरचा आणि मागचा उजेड मध्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून मधोमध आकाश उघडे ठेवावेच लागते. आपल्या जुन्या घरांत आंगण किंवा सहन असे, ते शोभेसाठी नव्हते.

हा प्रश्न मोठमोठ्या वास्तुशिल्पकारांनाही पडला होता. १९६१-६२ च्या सुमारास गुजरात हाऊसिंग बोर्डाच्या स्पर्धेसाठी चार्ल्स कोरिया यांनी अहमदाबादेत एक अरुंद घर आखले. रुंदी जेमतेम १२ फूट, लांबी सुमारे ६० फूट. त्याला 'ट्यूब हाऊस' म्हणत. उतरत्या छताखालून तापलेली हवा वर चढे आणि माथ्यावरच्या झरोक्यातून बाहेर पडे. तिच्या जागी खालून दुसरी हवा आत येई. ते घर १९९५ मध्ये पाडले गेले, पण युक्ती शिल्लक आहे : गरम हवेला वरून वाट द्या.

आमच्या भागात याची गरज जास्त आहे. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा उन्हाळ्यात घरातली बाईमाणसे आणि म्हातारी माणसे दिवसभर आतच असतात. आपण दुकानात पंख्याखाली बसून घराचा नकाशा ठरवतो, आणि त्याची शिक्षा भोगतात ते दुसरेच.

रेघा अशा सरकल्या

बैठक ११ फुटांचीच ठेवली. तिच्यामागे ८ फुटांचा पट्टा घेतला आणि त्याचे तीन भाग केले. दक्षिणेला ७ फूट रुंद स्वयंपाकघर, मध्ये ६ फूट बाय ८ फूट उघडे आंगण आणि उत्तरेच्या भिंतीला लागून ३ फुटांचा जिना. त्यामागे साडेनऊ फुटांची खोली आणि शेवटी साडेचार फुटांत न्हाणी, संडास आणि भांडी घासण्याची जागा.

आता स्वयंपाकघराची खिडकी आंगणात उघडते. मागच्या खोलीलाही आंगणाकडे चार बाय चारची खिडकी मिळाली आणि पश्चिमेकडे धुण्याच्या जागेवर जाळी. ठोकताळा असा की खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान दहावा भाग खिडकी असावी; दमट हवेत सहावा भाग. संडास आणि न्हाणी पश्चिमेला गेल्याने दुपारचे ऊन त्यांच्या भिंती झेलतात, झोपायची खोली नाही. किबला आपल्याकडे पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कललेला. म्हणून संडासाची बैठक उत्तर-दक्षिण ठेवली. हे फरशी बसवण्याआधी मिस्त्रीला बजावून सांगावे लागते.

जिन्याने आमचा सर्वांत जास्त वेळ घेतला. १० फूट उंचीला ७ इंचांच्या १७ पायऱ्या लागतात आणि प्रत्येक पायरी १० इंच रुंद धरली तर सरळ जिना १३ फूट ४ इंच लांब होतो. तो आंगणाच्या कडेने चढत मागच्या खोलीच्या बाजूने निघाला. राष्ट्रीय बांधकाम संहितेत दुमजली ओळीच्या घराला अडीच फुटांचा जिना चालतो, पण आम्ही ३ फूट घेतले. शिलाई मशीन, कपाट, कधी आजारी माणसाची खाट वरून खाली आणावी लागते. जिन्याच्या उंच बाजूखाली ३ बाय ५ फुटांची कोठी मिळाली. त्यात कापडाचे गठ्ठे फळीवर ठेवायचे, जमिनीला आणि भिंतीला न टेकवता. सावलीच्या पावसाळ्यात ओल चढली की माल डागाळतो, हे दुकानदाराला सांगायला नको.

दारांची सरळ रेषा मोडली. बैठकीचे मागचे दार जिन्याकडे सरकवले, त्यामुळे पाहुण्याची नजर आत जात नाही. पण हवा आरपार वाहायला हवी. म्हणून समोरच्या खिडकीसमोर, आंगणाकडच्या भिंतीत डोक्याच्या वर जाळी ठेवली. परदाही राहिला आणि वाराही.

कूलरची जागा नकाशातच ठरवावी. कूलर बाहेरची हवा ओढतो आणि ती दुसऱ्या बाजूने निघून गेली तरच गारवा देतो. बंद खोलीत तो फक्त घाम वाढवतो. बैठकीचा कूलर समोरच्या खिडकीत, मागच्या खोलीचा आंगणातल्या खिडकीत. दोन्ही ठिकाणी पाण्याचा नळ आणि विजेचा बोर्ड आधीच दाखवले.

मिस्त्रीची हरकत

मिस्त्री म्हणाला, "सेठ, ४८ चौरस फूट वाया घालवताय." मी विचारले, "बाही घातल्यावर हात जायला जागा ठेवतात, ते कापड वाया जाते का?" शिवाय तेवढा स्लॅबही वाचतो.

आंगणाची किंमत मात्र मोजावी लागते, हे लपवत नाही. त्याची फरशी खोल्यांपेक्षा खाली हवी, उतार एका कोपऱ्याकडे आणि चार इंची पाइप नाल्यापर्यंत. वर लोखंडी जाळी हवी, नाहीतर माकडे आणि चोर दोघेही आपलेच घर समजतील. उन्हाळ्यात वर हिरवी नेट बांधावी लागते, पावसाळ्यात कडेच्या चालण्याच्या जागेवर छज्जा. एवढे केले तर आंगण त्रास देत नाही.

दोन गोष्टी इंजिनिअरवरच सोडाव्यात. हद्दीवरच्या कॉलमचा पाया शेजाऱ्याच्या जागेत जाता कामा नये. त्याची रचना वेगळी असते आणि ती अंदाजाने होत नाही. आणि सामाईक भिंतीवर भरवसा ठेवू नये. आज दोघे भाऊ असतात, उद्या वारस असतात. आपली भिंत आपल्या हद्दीत, नाहीतर लेखी करार.

चुन्याची रेघ

शेवटी आम्ही प्लॉटवर गेलो आणि पूर्ण नकाशा जमिनीवर चुन्याने आखला. मुलाने खाट आणली, सुनेने शिलाई मशीनची जागा धरली, बेगमने स्वयंपाकघरात उभे राहून वळून पाहिले. तेव्हा कळले की ओट्यासमोर फ्रिज ठेवला तर दार उघडत नाही. दार चुन्यावर नऊ इंच सरकवले. खर्च, मूठभर चुना. हेच दार बांधल्यावर सरकवायचे म्हणजे चौकट, वीट, प्लास्टर, मजुरी आणि आठ दिवसांची धूळ.

व्यापारी आणि कारागीर बांधवांना एवढेच सांगणे आहे : नकाशा मंजुरीला देण्याआधी पंधरा दिवस घरात ठेवा. जी माणसे त्या घरात दिवस काढणार आहेत त्यांना तो दाखवा, विशेषतः म्हाताऱ्यांना आणि बायकांना. भर दुपारी, दिवा न लावता, प्रत्येक खोलीत सुईत दोरा ओवता येईल का, हे विचारा. ज्या खोलीचे उत्तर 'नाही' येईल, तिथली रेघ कागदावरच पुसा. अम्मींच्या खोलीची रेघ मला वेळेवर पुसता आली नाही.