जिथे काळा दगड संपतो

सतराव्या शतकात तेलंगणाची राजधानी कोणती होती? वरंगळ? गोवळकोंडा? मोगल दफ्तराचे उत्तर वेगळेच आहे: नांदेड. 1636 मध्ये शाहजहानच्या दख्खनचे चार सुभे होते. त्यातल्या एकाचे नाव तेलंगण. कारभार नांदेडहून आणि भक्कम किल्ला जवळच्या कंधारचा. या चारही सुभ्यांचा सुभेदार म्हणून तेव्हा दक्षिणेत आला तो विशीही न गाठलेला औरंगजेब. आज आपण ज्याला मराठवाड्याचे पूर्वेकडचे टोक म्हणतो, ते दिल्लीवरून पाहणाऱ्याला तेलंगणाचे दार वाटत होते.

हे दार तिथेच का? उत्तरासाठी राजेरजवाडे क्षणभर बाजूला ठेवून पायाखाली पाहायला हवे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थरांवर थर पसरले. सह्याद्रीचे कडे, अजिंठा-वेरूळची लेणी, आपली काळी जमीन, सगळे त्याच लाव्हाचे. हा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, पूर्वेकडे पातळ होत जातो आणि नांदेड जिल्ह्यातच त्याची हद्द लागते. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या बाजूला निघालात की बेसॉल्टखालून ग्रॅनाइट डोके वर काढतो. तो लाव्हाहून कितीतरी जुना, शेकडो कोटी वर्षांच्या घरातला. सपाट माथ्याचे डोंगर मागे पडतात आणि एकावर एक रचून ठेवल्यासारखे गोलमटोल धोंडे दिसू लागतात.

दगड बदलला की माती बदलते, माती बदलली की पीक आणि पाण्याची रीतही बदलते. काळ्या मातीत ओल धरून राहते, म्हणून कापूस आणि रब्बीची ज्वारी. ग्रॅनाइटच्या उथळ जमिनीवर पाऊस टिकत नाही, तो अडवावा लागतो, म्हणून काकतीयांच्या मुलखात तळ्यांचे जाळे आणि तळ्यांखाली भात. एका बाजूला भाकरी, दुसऱ्या बाजूला भात. मराठीचा मुलूख आणि काळ्या दगडाचा मुलूख बऱ्याच अंशी एकमेकांवर बसतात. ज्याच्याकडे जे नाही ते शेजाऱ्याकडे मुबलक असेल, तर दोघांच्या मध्ये बाजार भरणारच. मधून गोदावरी वाहते, आणि उत्तरेकडून हैदराबादकडे जाणाऱ्याला ती कुठेतरी ओलांडावीच लागते. पुलांआधीच्या काळात नदी हवी तिथे ओलांडता येत नसे. उतार असेल तिथेच पाय टाकायचा. अशा जागी गाव वसते आणि सहसा उठत नाही.

नांदेड किती काळ उठले नाही, याचा पुरावा वाशिमला सापडलेल्या ताम्रपटात आहे. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात वत्सगुल्म, म्हणजे वाशिम, इथून एक गाव दान दिले. ते गाव नान्दीकडच्या उत्तर विभागात असल्याचे त्यात कोरले आहे. हे नान्दीकड म्हणजे नांदेड. सोळाशे वर्षांपूर्वीच ते आसपासच्या गावांना पत्त्यासाठी पुरेल इतके मोठे होते. आज अकोल्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग 161 वाशिम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत तेलंगणात संगारेड्डीला उतरतो. वत्सगुल्म आणि नान्दीकड अजूनही एकाच वाटेवर आहेत.

मग या वाटेवर राज्ये आली आणि गेली. राष्ट्रकूटांनी कंधारला वैभव दिले. खंदकाचा किल्ला, जगत्तुंग समुद्र नावाचे विस्तीर्ण तळे, आणि एका अवाढव्य क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेष. नुसती पावले पाहिली तरी मूळ मूर्ती केवढी असेल या कल्पनेने मान वर जाते. तिसरा कृष्ण स्वतःला कंधारपुराचा अधिपती म्हणवत असे. आज कंधार हे तालुक्याचे गाव आहे. राजाच्या मर्जीवर वाढलेले शहर राजाबरोबर ओसरते. नांदेड मात्र सहसा कुणाच्या साम्राज्याचे केंद्र नव्हते, नेहमी कुणाच्या तरी कडेला होते. म्हणून एखादे साम्राज्य कोसळले तरी त्याचे सगळे गेले नाही. राजधानी हलते, उतार हलत नाही.

शेजारच्या लातूरची कथा याच्या उलट. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या नवव्या शतकातल्या शिलालेखांत ‘लट्टलूर’ नगरीचा अधिपती हे बिरुद येते. राज्य मान्यखेटहून करायचे आणि अभिमान लातूरचा सांगायचा! पुढे बेळगावकडच्या सौंदत्तीचे रट्ट राजेही तेच बिरुद मिरवत राहिले. लातूरचे नाव असे दूरदूर गेले. नांदेडला मात्र दूरदूरची माणसे आली.

त्यातले सर्वांत मोठे येणे 1708 चे. बादशहा बहादूरशाह भाऊ कामबक्षाचे बंड मोडायला हैदराबादकडे निघाला होता. गुरू गोविंदसिंग त्याच्या लष्कराबरोबर दक्षिणेत आले आणि नांदेडला थांबले. इथेच गोदावरीकाठी माधोदास बैराग्याची आणि त्यांची गाठ पडली. तो बैरागी बंदा सिंग बहादूर होऊन पंजाबात गेला आणि 1710 मध्ये त्याने सरहिंद घेतले. इथेच गुरूंनी आपल्यानंतर माणूस नव्हे, ग्रंथसाहिब हाच गुरू असे सांगितले आणि ऑक्टोबर 1708 मध्ये देह ठेवला. पंजाबच्या इतिहासाचे हे वळण पंजाबपासून दीड हजार किलोमीटरवर, मराठी-तेलुगूच्या सीमेवर पडले!

सव्वाशे वर्षांनी महाराजा रणजितसिंगांनी इथे गुरुद्वारा उभारला. 1832 ते 1837 या काळात, आपल्या राज्यापासून इतक्या दूर, निजामाच्या मुलखात. त्याच सुमारास दिवाण चंदूलाल यांच्या पुढाकाराने पंजाबातून शीख फौज हैदराबाद संस्थानात आली. यांपैकी कितीतरी जण इथलेच झाले. त्यांचे वंशज आज घरात पंजाबी, गल्लीत दखनी आणि बाजारात मराठी सहज बोलतात. सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. तिथे आजही रोज गोदावरीचे पाणी गागरीतून पायी आणले जाते. पाचही नद्यांचे पाणी ओळखणाऱ्या पंथाने सहावी नदी आपली मानली.

रेल्वेही याच कडेने आली. विसावे शतक उजाडताना हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाड आणि सिकंदराबाद जोडले, आणि नांदेडचा कापूस दोन्हीकडे जाऊ लागला. पुढे शेवटच्या निजामाच्या नावाची उस्मानशाही मिल उभी राहिली. तिचा भोंगा बंद झाला तरी कपाशी राहिली. इथल्या संशोधन केंद्राने 1984 मध्ये दिलेले ‘नांदेड-44’ हे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. लाव्हाने दिलेली माती, संस्थानाने दिलेली रेल्वे, आणि त्यातून निघालेले बियाणे.

1956 ला भाषावार प्रांत झाले तेव्हा सीमा नव्याने आखली गेली. आदिलाबादचे किनवट नांदेडला आले. मुधोळ तालुका, त्यातल्या बासरच्या सरस्वतीसह, पलीकडे गेला. पण नदीला नकाशा कळत नाही. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्यावरून महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश सर्वोच्च न्यायालयात गेले. 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी खाली सोडायचे. पावसाळ्यात पाणी पुढच्यांचे, नंतर अडेल ते आपले. दगडाने आखलेल्या सीमेवर आता तारखांची सीमा बसली आहे.

आधुनिक नांदेडही बाहेरच्या निमित्तानेच वाढले. शंकरराव चव्हाणांचे नाव लाभलेला विष्णुपुरीचा जलाशय शहराची तहान भागवतो. 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झाले, 1997 मध्ये महापालिका. 2008 मध्ये गुरुता गद्दीची, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी आली. देशभरच्या निवडक शहरांसाठीच्या केंद्राच्या नागरी योजनेत नांदेडचा समावेश होता; यात्रेकरूंसाठी रस्ते, पूल, घाट आणि विमानतळ यांची कामे झाली. 2011 च्या जनगणनेत शहर साडेपाच लाखांचे होते. आणि रेल्वेचे नांदेड विभागीय कार्यालय आजही दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे सिकंदराबादच्या अखत्यारीत. शासन मुंबईचे, रेल्वे सिकंदराबादची, यात्रेकरू अमृतसरचे.

मुंबईहून पाहिले तर नांदेड राज्याच्या टोकाला, हैदराबादहून पाहिले तरी टोकालाच. मागासलेपणाची चर्चा निघाली की हे टोकाला असणेच कारण म्हणून सांगितले जाते, आणि निधीच्या बाबतीत ते खरेही असते. पण शहराचे वय पाहिले तर हिशेब उलटा निघतो. सोळाशे वर्षे नांदेड टिकले ते दोन मुलखांच्या मध्ये असल्यामुळे. म्हणून नांदेडचे नियोजन करताना फक्त मुंबईकडे जाणारा रस्ता मोजून चालणार नाही. देगलूर, धर्माबाद आणि किनवटकडे जाणारे रस्तेही तितकेच मोजावे लागतील. या शहराची कमाई पूर्वीपासून त्याच वाटांवरची आहे.