महिन्याच्या भाड्याचा संगणक

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा असे सारे अर्ज आज संगणकावर भरावे लागतात. म्हणून संगणकाचा हिशेब हा आमच्यासाठी चैनीचा विषय राहिलेला नाही.

एकरकमी किंमत न परवडणाऱ्याला इंटरनेटबरोबर स्वस्त संगणक मासिक भाड्याने द्यावा, ही कल्पना तशी जुनी. चेन्नईच्या नोव्हेटियम कंपनीचा ‘नोव्हा नेटपीसी’ याच तत्त्वावर होता. जुलै २०२५ मध्ये रिलायन्स जिओने ‘जिओपीसी’ आणला. घरी टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, कीबोर्ड नि माऊस. खरा संगणक कंपनीच्या केंद्रात.

यामागचे अर्थशास्त्र अकोला-अमरावतीच्या माणसाला नवे नाही. सरकी काढण्याचे यंत्र कोणी शेतकरी घरी ठेवत नाही. अनेक गावांचा कापूस एकाच जिनिंगमध्ये जातो. तसेच हजार ग्राहक एकाच वेळी संगणकावर बसत नाहीत, म्हणून हजार यंत्रांइतकी क्षमता लागत नाही. दुरुस्तीही एकाच ठिकाणी होते. शिवाय असा ग्राहक इंटरनेटची कंपनी सहजी बदलत नाही.

परंतु उधारीवर बियाणे देणारा व्यापारी पुढे कापूसही मागतो, हे आपण जाणतो. २०१७ च्या जिओफोनची १५०० रुपये अनामत ३ वर्षांनी परत मिळणार होती. मात्र वर्षाला किमान १५०० रुपयांचे रिचार्ज आवश्यक होते. म्हणजे ‘मोफत’ फोनमागे सेवेचे ४५०० रुपये! जिओपीसीचे सुरुवातीचे भाडे करांव्यतिरिक्त महिना ५९९ रुपये. त्या दराने बी. ए. च्या ३ वर्षांचे २१,५६४ रुपये होतात, इंटरनेटचे वेगळेच; आणि शेवटी मालकीचे काही उरत नाही. वर्षाचे एकदम भरणाऱ्यास मात्र ते बरेच स्वस्त पडे.

खरी अडचण येथेच आहे. पगारदाराचा पैसा दरमहा येतो, कापसाचा दिवाळीनंतर. जून-जुलैत पेरणीने घर रिकामे झालेले असते, आणि प्रवेशाचे अर्ज नेमके तेव्हाच! म्हणून शेतकरी कुटुंबाने असा संगणक घेतलाच तर वर्षाची रक्कम कापूस विकल्यावर भरावी, आणि भाडे थांबल्यास आपल्या टिपणांचे काय होईल, हे आधी विचारून घ्यावे.

ज्यांना तेही जमणार नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असे चार-पाच संगणक संध्याकाळी उशिरापर्यंत खुले असावेत. जिनिंगचा न्याय विद्यार्थ्यांनाही लागू पडतो.