नव्वद टक्के अचूक, पण कोणत्या शंभरात?

छातीचा क्ष-किरण फोटो काढून क्षयरोग शोधण्याची पद्धत जुनी आहे. आता हातात धरून नेता येईल असे क्ष-किरण यंत्र आले आहे आणि फोटो वाचायला संगणक आला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाचणीसाठी अशा संगणकीय वाचनाची शिफारस केली. भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांत डोंगर आणि धरणांचे पाणी यांमुळे वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. तेथे असे यंत्र किती उपयोगी पडेल, हे वेगळे सांगायला नको. मात्र यंत्राबरोबर 'नव्वद टक्के अचूक' असा एखादा आकडाही येतो, आणि त्याचा अर्थ लावताना शिकलेली माणसेही चुकतात. ही चूक कशी होते, ते आपण साध्या अंकगणिताने पाहू.

समजा, आपले यंत्र शंभर क्षयरोग्यांपैकी ९० जणांना बरोबर ओळखते व शंभर निरोगी माणसांपैकी ९० जणांना बरोबर निरोगी ठरवते. म्हणजे १० रोगी निसटतात आणि १० निरोगी माणसांवर उगाच संशय येतो. आता एका माणसाच्या फोटोत यंत्राला रोग दिसला. त्याला खरोखर क्षयरोग असण्याची शक्यता किती? बहुतेक जण ९० टक्के असे उत्तर देतील. पण हे उत्तर तो माणूस कोणत्या गटातून आला, यावर अवलंबून आहे.

पहिला गट संशोधकाचा. त्याने रुग्णालयातून १०० रोगी व १०० निरोगी निवडले. यंत्राने संशयित ठरवलेल्यांत ९० खरे रोगी आणि १० निरोगी असतील. येथे शंभरात ९० संशय खरे ठरतात.

दुसरा गट बरेच दिवस खोकला असलेल्या १,००० जणांचा. त्यांत १०० रोगी आहेत असे धरू. यंत्र ९० रोगी ओळखील, पण ९०० निरोगी माणसांपैकी ९० जणांवरही संशय घेईल. आता निम्मेच संशय खरे.

तिसरा गट गावोगावच्या सर्व प्रौढांचा. २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय पाहणीत, पंधरा वर्षांवरील दर लाख लोकसंख्येत ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे आढळले. हेच प्रमाण आपल्या उदाहरणासाठी धरले, तर १०,००० प्रौढांत सुमारे ३२ रोगी असतील. यंत्र त्यांतले २९ ओळखील. उरलेल्या ९,९६८ निरोगी माणसांपैकी सुमारे ९९७ जणांवर मात्र उगाच संशय येईल. संशयित एकूण १,०२६ आणि खरे रोगी २९, म्हणजे शंभरात जेमतेम तीन!

यंत्र तेच आणि त्याची अचूकताही तीच. बदलले ते गटातील रोगाचे प्रमाण. शिवाय रुग्णालयात येणाऱ्यांचा रोग बहुधा बळावलेला असतो व फोटोत ठळक दिसतो. गावात तो सुरुवातीच्या अवस्थेत असू शकतो. म्हणून रुग्णालयात मिळालेला ९० हा आकडा गावात ९० राहीलच, असेही नाही.

असा प्रकार प्रत्यक्ष संशोधनातही दिसला आहे. २०१८ साली अमेरिकेत न्यूमोनिया ओळखणाऱ्या संगणकाची तीन रुग्णालय-समूहांच्या फोटोंवर परीक्षा झाली. एका ठिकाणच्या फोटोंत न्यूमोनियाचे प्रमाण ३४.२ टक्के होते, तर दुसऱ्या दोन ठिकाणी १.२ व १ टक्का. फोटो कोणत्या रुग्णालयातला, हे संगणकाला जवळजवळ अचूक ओळखता येत होते. नुसत्या त्या ओळखीवरही रोगाचा अंदाज बराचसा बरोबर येत होता! फुप्फुसाकडे न पाहताच मिळालेले हे गुण होते.

मग गावात फोटो काढूच नयेत काय? तसे मुळीच नाही. त्याच राष्ट्रीय पाहणीत, फोटो काढले नसते तर ४२.६ टक्के रोगी निसटले असते. फोटो हा निकाल नव्हे, ती पहिली चाळणी आहे. पुढची चाळणी थुंकीच्या तपासणीची. समजा, ही तपासणी शंभरातले ९० रोगी ओळखते व ९९ निरोगी माणसांना निरोगी ठरवते. आपल्या १,०२६ संशयितांची थुंकी तपासली, तर २६ खरे रोगी सापडतील व सुमारे १० निरोगी चुकून अडकतील. आता ३६ पैकी २६ संशय खरे. दुसरी चाळणी उपयोगी पडते, कारण ती वेगळी गोष्ट पाहते. फोटोत सावली दिसते, थुंकीत जंतू शोधला जातो. बऱ्या झालेल्या जुन्या रोगाचा व्रण फोटोत दिसत असेल, तर तोच फोटो दहा वेळा वाचून संशय फिटणार नाही.

हे अंकगणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. आलेख-कागदावर २५ गुणिले ४० असा १,००० चौकोनांचा आयत आखावा. तीन चौकोन लाल रंगवावेत आणि ते तिन्ही यंत्राने ओळखले असे धरावे. उरलेल्या चौकोनांपैकी १०० चौकोनांवर फुली मारावी. मग लाल व फुलीचे मिळून १०३ चौकोन मोजायला सांगून, त्यांतले खरे रोगी किती, असे विचारावे.

फुलीच्या प्रत्येक चौकोनामागे एक माणूस आहे. त्याची रोजंदारी बुडते, तो तालुक्याला हेलपाटा घालतो आणि घरात काळजी शिरते. त्याला 'तुम्हाला क्षयरोग आहे' असे न सांगता 'तुमची आणखी एक तपासणी करायची आहे' असे सांगणे, हेच या गणिताचे खरे उत्तर आहे.