कामगाराचे कान

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणखात्याचे दार अस्पृश्य कामगाराला बंद होते. कांडीवरचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड कसे लावायचे, ही सवर्ण विणकरांची हरकत. त्यामुळे दलित कामगार कमी मजुरीच्या त्रासन खात्यात राहिला. १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि विणखाते खुले करण्याची मागणी लावून धरली.

ही मागणी न्याय्यच होती. पण जास्त मजुरीचे ते खाते गिरणीतले सर्वांत गोंगाटाचे खातेही होते. धोट्याच्या मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. म्हणजे कामावर प्रवेश मिळाला तरी शरीराच्या रक्षणाचा हक्क वेगळा मागावा लागतो.

गिरण्या बंद पडल्या, गोंगाट थांबला नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग, दगडाचे क्रशर, पत्रे ठोकण्याचे कारखाने चालूच आहेत. तेथे कायम कामगारापेक्षा रोजंदारीचा आणि कंत्राटी माणूसच यंत्राजवळ अधिक उभा असतो.

आवाज कान कसा नासवतो, हे समजून घेतले पाहिजे. आतल्या कानात शंखाच्या आकाराची नळी असते. तिच्यातल्या सूक्ष्म केसपेशी आवाजाचे मेंदूसाठी संदेश बनवतात. सततच्या गोंगाटाने त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ना रक्त, ना वेदना. पाळी सुटल्यावर कानात घूं घूं होते, सकाळपर्यंत उतरते. म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. पुढे एक दिवस ती उतरत नाही.

प्रथम जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर ऐकू येतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजने निसटतात. 'साठ' म्हटले तर 'आठ' ऐकू येते. म्हणून कामगार म्हणतो, "ऐकू येतं, पण कळत नाही." घरचे हसतात, मुकादम त्याला मठ्ठ ठरवतो आणि हळूहळू तो बोलणेच सोडतो.

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. फॅक्टरी कायद्यात आवाजामुळे येणारे बहिरेपण सूचनीय रोगांच्या यादीत आले. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही ते आहे. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही आपल्याकडची मर्यादा. अनेक तज्ज्ञ ८५ च सुरक्षित मानतात. भरपाईच्या कायद्यातही हा व्यवसायजन्य आजार आहे. पण भरपाई मागताना पुरावा लागतो. कामावर लागताना कान तपासलेलेच नसतील, तर मालक सहज म्हणतो, "हा आधीपासूनच बहिरा होता."

म्हणून कार्यकर्त्यांनी पहिली मागणी तपासणीची करावी. कामावर घेताना आणि नंतर दरवर्षी श्रवणतपासणी, आणि तिच्या कागदाची प्रत कामगाराच्या हाती. कंत्राटी कामगारालाही. आवाज मोजायला यंत्र नसेल तर साधी खूण आहे: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर तेथे कानांना धोका आहे.

दुसरी मागणी यंत्राची. ढिले भाग आवळणे, झिजलेले भाग बदलणे, यंत्राखाली रबर घालणे, गोंगाटाचे यंत्र बंदिस्त करणे, माणसांच्या पाळ्या आलटून पालटून लावणे. कानातली बोळी यानंतर. ती हवीतच, पण योग्य मापाची, मालकाच्या खर्चाने आणि घालायला शिकवून. साध्या कापसाच्या बोळ्याने फारसे काही थांबत नाही. नुसती बोळी वाटून मालक मोकळा होतो आणि ती घातली नाहीत म्हणून दोष कामगारावर येतो.

यात आपल्या चळवळीचाही प्रश्न आहे. १९२० साली 'मूकनायक' निघाले ते मुक्या समाजाला वाचा मिळावी म्हणून. आपली चळवळ भाषणांतून, सभांतून, चर्चेतून वाढली. सभेत मागे बसून नुसती मान डोलावणारा कामगार आपल्याशी सहमत आहे असे आपण धरून चालतो. कदाचित त्याला काही ऐकूच आलेले नसते. सभा संपल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसावे, समोरासमोर बोलावे, आणि तो कोणत्या यंत्रावर किती वर्षे उभा आहे हे विचारावे.